छायाचित्रांतील आभाळ

कळमनुरीहून नांदेडकडे जातांना वाटेंत आखाडा बाळापूर हें गांव लागतें. मृगाचे पहिले दोनतीन पाऊस होऊन गेल्यावर तेथील शिवारांत उभें राहिलें असतां डोळ्यांपुढें एकाच वेळीं दोन निराळीं जगें असतात. पायांखालीं ओली, काळीभोर, पाळी घातलेली जमीन. आणि वर कडा उन्हानें उजळलेले पांढरे-करडे ढग. मनुष्याची दृष्टि या दोहोंवरून सहज फिरते. ढेकळांतलें पाणीहि तिला दिसतें आणि ढगाची घडीहि दिसते. परंतु हेंच दृश्य कॅमेऱ्यानें टिपूं गेल्यास बहुधा दोहोंपैकीं एक हातचें जातें. जमीन नीट आली तर आभाळ कोऱ्या कागदासारखें पांढरें पडतें, आणि आभाळ साधलें तर जमिनीच्या जागीं नुसती शाई सांडल्यासारखें होतें.

भिजलेली काळी माती आपणावर पडलेल्या उजेडाचा दहावा हिस्साहि परत करीत नाहीं. दाट पांढरा ढग मात्र तीनचतुर्थांशाच्या आसपास उजेड परत फेंकतो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, मेंदू प्रत्येक भागाचा निराळा हिशेब ठेवतो, म्हणून मनुष्याला ही तफावत जाणवत नाहीं. कांचेवरील रसायनाला असा हिशेब ठेवतां येत नाहीं. सर्व दृश्याला तें एकाच मापानें मोजतें. कोंकणांतल्या तांबड्या मातीपेक्षां किंवा समुद्रकांठच्या वाळूपेक्षां मराठवाड्याच्या काळ्या रानांत ही अडचण अधिक तीव्र असते. छायाचित्रकारांच्या पिढ्यांनीं तिच्याशीं जी झुंज दिली तिचा इतिहास पावणेदोनशें वर्षांचा आहे.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें कलोडियनची ओली प्लेट प्रसिद्ध केली. कांचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि वाळण्यापूर्वीं धुऊन काढावयाची, असा हा खटाटोप होता. काळोखाचा तंबू, बाटल्या, पाणी, हें सर्व बैलगाडींत किंवा हमालांच्या डोक्यावर बरोबर न्यावें लागे. आणि हिंदुस्थानच्या उन्हांत प्लेट वाळण्यास फारसा वेळ लागत नसे. पण या प्लेटीचा खरा दोष निराळाच होता. निळा आणि जांभळा एवढेच रंग तिला दिसत. हिरवें झाड व तांबडी माती तिच्या लेखीं अंधारांत असत, आणि निळें आभाळ मात्र तिच्यावर एवढ्या जोरानें उमटे कीं छापील चित्रांत तें निखळ पांढरें होई. निळ्या आभाळांतला पांढरा ढग तर दिसतच नसे, कारण प्लेटीच्या दृष्टीनें दोन्ही सारखेच उजळ होते.

यावर लोकांनीं नाना युक्त्या काढल्या. लिनियस ट्राइप हा मद्रासच्या फौजेंतला अधिकारी. त्यानें १८५५ सालीं ब्रह्मदेशाचीं आणि पुढें दक्षिण हिंदुस्थानांतील देवळांचीं चित्रें घेतलीं, तेव्हां कागदी निगेटिव्हवर कुंचल्यानें ढग रंगविले. फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्र एका निगेटिव्हवर व आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापण्याची रीत प्रसिद्धीस आणली. ही चित्रें पाहून लोक थक्क झाले. पुढें पुढें कित्येक छायाचित्रकार ढगांच्या निगेटिव्हांचा सांठाच बाळगूं लागले, आणि एकच ढग आज एका किल्ल्यावर तर उद्यां दुसऱ्याच गांवच्या तळ्यावर दिसूं लागला! एडवर्ड मायब्रिज यानें १८६९ सालीं अमेरिकेंत याहून प्रामाणिक तोड सुचविली. भिंगापुढें एक झडप बसवावयाची आणि चित्र घेतांना आभाळाकडील भाग जमिनीपेक्षां कमी वेळ उघडा ठेवावयाचा. आजच्या क्रमानें गडद होत जाणाऱ्या फिल्टरचें मूळ या झडपेंत आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

महाराष्ट्रांत ही कला लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी तींत पुढाकार घेणाऱ्यांपैकीं होते. परंतु मुंबईकर मंडळींचा ओढा माणसांच्या तसबिरींकडे अधिक होता. उघड्या रानाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढें आला तो निजामाच्या मुलखांत. मेजर रॉबर्ट गिल याला कंपनी सरकारनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्यास नेमलें. त्या कामांत त्यानें वर्षांमागून वर्षें घालविलीं. आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें ठेवलेल्या त्याच्या नकला १८६६ च्या आगींत भस्म झाल्या. गिलनें मध्यंतरीं कॅमेरा हातीं घेतला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानें घेतलेलीं त्याचीं लेण्यांचीं व रानाचीं चित्रें जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. लेण्यांच्या काळोखापुढें वाघोरा नदीच्या दरीवरचें आभाळ म्हणजे त्या प्लेटीची कसोटीच होती. १८७९ सालीं गिल वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

यानंतरचें मोठें नांव लाला दीनदयाळ यांचें. मीरतजवळच्या सरधना येथें १८४४ सालीं त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिक्षण झालें आणि इंदुरास सरकारी नोकरी लागली. तेथें ते छायाचित्रणाकडे वळले. सहावे निजाम महबूब अली खान यांनीं त्यांना दरबारचे छायाचित्रकार नेमलें व पुढें राजा ही पदवी दिली. त्यांच्या कॅमेऱ्यानें वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद हीं स्थळें पाहिलीं. इंजिनियराची नजर असल्यामुळें त्यांच्या चित्रांत भिंती कलत नाहींत व कमानी वाकत नाहींत. ते मुंबईस १९०५ सालीं वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक कांचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत आहेत.

१८९९-१९०० च्या दुष्काळांत औरंगाबादेकडे जीं कामें निघालीं त्यांचीं छायाचित्रेंहि त्यांच्या नांवावर आहेत. या चित्रांविषयीं थोडें थांबून विचार करावयास पाहिजे. उघडें माळरान, खडी फोडणारीं माणसें, आणि वर पांढरें, रितें आभाळ, असें दृश्य पाहणाऱ्याच्या मनांत चटकन येतें कीं, पहा, ढगाचा टिपूस नाहीं! पण त्या काळच्या साध्या प्लेटीवर श्रावणांतलें ढगाळ आभाळहि जवळजवळ असेंच उमटलें असतें. पाऊस पडला नाहीं हें खरेंच. त्याची साक्ष पर्जन्याच्या नोंदी व सरकारी अहवाल देतात. छायाचित्रांतील पांढरें आभाळ ती साक्ष देऊं शकत नाहीं. जुन्या चित्रांवरून हवापाणी ठरवूं पाहणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकांकडून ही चूक वारंवार होते. माणसांच्या बरगड्या मात्र प्लेटीनें खोट्या सांगितलेल्या नाहींत.

प्लेटीच्या या आंधळेपणावर उपाय सांपडला तो जर्मनींत. हेर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाला १८७३ सालीं असें आढळून आलें कीं, विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास प्लेट हिरव्या रंगालाहि जागी होते. १९०६ मध्यें रॅटन आणि वेनराइट या इंग्रज कंपनीनें सर्व रंग दिसणाऱ्या प्लेटी बाजारांत आणल्या. आतां भिंगापुढें पिवळी कांच धरली म्हणजे निळा उजेड अडे आणि पांढरा ढग निळ्या आभाळांतून वेगळा उठून दिसे. पण संबंध कांच पिवळी असली तर जमिनीचाहि उजेड कांहीं प्रमाणांत कमी होई. म्हणून वरचा अर्धा भाग पिवळा आणि खालीं हळूहळू स्वच्छ होत गेलेली कांच निघाली. आभाळासाठीं फिल्टर हा शब्द छायाचित्रकारांच्या तोंडीं बसला तो तेव्हांपासून.

रंगीत फिल्म आल्यावर पिवळी कांच निकामी झाली; ती सबंध चित्रच पिवळें करी. तिची जागा करड्या कांचेनें घेतली. करडी कांच रंग बदलीत नाहीं, केवळ उजेड अडविते. एक पायरीची कांच निम्मा उजेड सोडते, दोन पायऱ्यांची चौथाई आणि तीन पायऱ्यांची अष्टमांश. १९७८ सालीं फ्रान्समधील झां कोकां यानें चौकोनी कांचा खांचेंत सरकविण्याची सोय केली, तेव्हांपासून गडद-फिकट यांची सीमा क्षितिजाबरोबर वरखालीं नेतां येऊं लागली. गोल कांचेंत ही सीमा मध्यावरच अडकून राही, आणि प्रत्येक दृश्याचें क्षितिज कांहीं मध्यावर नसतें.

येथें भिंगाचा संबंध येतो, आणि पुष्कळांचा घोटाळा होतो तो येथेंच. आरंभींच्या काळांत पेत्झवाल याचें १८४० सालचें भिंग तसबिरींसाठीं उत्तम होतें, पण त्याच्या कडा अस्पष्ट येत. देखाव्याला तें उपयोगाचें नव्हतें. १८६६ सालीं डालमायर व स्टाइनहाइल यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें सममित भिंगें केलीं, आणि सरळ रेषा कडेलाहि सरळ येऊं लागल्या. आजच्या रुंद दृष्टीच्या भिंगांतून पुढचा दगड डोंगराएवढा दिसतो आणि मागचा डोंगर ढेकळाएवढा. हिंगोलीकडच्या बुटक्या टेकड्यांवर असें भिंग रोखलें तर त्या चित्रांतून नाहींशाच होतात. लांब पल्ल्याचें भिंग त्यांना जवळ ओढतें, पण त्यापुढें फिल्टरची सीमा एवढी पसरते कीं तिचा परिणाम जेमतेम जाणवतो. छिद्र लहान केलें कीं तीच सीमा रेघेसारखी स्पष्ट होते. म्हणून रुंद भिंग व लहान छिद्र असतां सावकाश उतरत जाणारी कांच घ्यावी, आणि छिद्र जेवढें ठेवावयाचें तेवढेंच करून तिची जागा पहावी, असा जाणत्यांचा रिवाज आहे.

सपाट क्षितिजावर ही युक्ति निर्वेध चालते. अडतें तें जेव्हां एखादी वस्तु क्षितिजाच्या वर डोकावते तेव्हां. बाभळीचा शेंडा बुंध्याहून काळा दिसला कीं कांच लावल्याचें ओळखावें. औंढा नागनाथाचें देऊळ तर या बाबतींत मोठें अवघड आहे. त्याचा खालचा कोरीव भाग काळ्या दगडाचा, आणि वरचें शिखर मागाहूनच्या जीर्णोद्धारांतलें, फिकट. डोळ्याला शिखर उजळ दिसतें. गडद कांच लावली तर तें आभाळाबरोबर काळवंडतें आणि पायथ्याशीं त्याचा मेळ बसतो. चित्र त्यामुळें डोळ्याला गोड दिसतें, परंतु देवळाच्या दोन काळांतील फरक त्यांतून पुसला जातो.

आतां खिशांतल्या फोनमधील कॅमेरा एकापाठोपाठ अनेक चित्रें घेऊन तीं आपणच जोडतो; ल ग्रेची दोन निगेटिव्हांची रीतच त्यानें क्षणांत आणून ठेवली आहे. कांच लावावी लागत नाहीं, पण अतिरेक करण्याची सोय मात्र वाढली. असा अतिरेक ओळखण्याची एक साधी खूण आहे. पाण्यांतलें प्रतिबिंब हें ज्या आभाळाचें असतें त्याहून उजळ कधींहि असूं शकत नाहीं, कारण पाणी उजेडाचा कांहीं भाग पोटांत ठेवून घेतें. कयाधू नदीचें चित्र हातीं आलें असतां डोहांतले ढग वरच्या ढगांपेक्षां लख्ख दिसले, तर त्या दिवशीं आभाळ एवढें काळें नव्हतें असें खुशाल समजावें.