जोडलेली जीप आणि सीमेपलीकडचं पासिंग

सुटे भाग जोडून मोटार उभी करणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत काम सुरू केलं, तेच मुळी परदेशातून आलेले भाग इथं जोडायचं. पुढं महिंद्रांच्या पहिल्या जीपगाड्याही अशाच मुंबईत जोडल्या गेल्या. महायुद्धानंतर लष्करानं जुन्या जीपा लिलावात काढल्या आणि हे काम कारखान्यातून गॅरेजमध्ये आलं. चॅसी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, बॉडी मिस्त्रीच्या हातची! हरियाणातलं मंडी डबवाली तर अशा जीपांसाठीच ओळखलं जाऊ लागलं.

गाडी तयार झाली, पण कागदावर ती कोणती गाडी?

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात या प्रश्नाला सोपं उत्तर होतं. गाडीत बदल करायचा, तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि मंजुरी घ्यायची. १९८८ साली नवा कायदा आला. त्यात २००० साली दुरुस्ती झाली आणि रोख बदलला. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही, असं ठरलं. काही ठरावीक बदलांना तेवढी मुभा राहिली. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ कायम केला.

खरी परीक्षा होते ती राज्याची सीमा ओलांडल्यावर. एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. पण वाहनकर हा राज्यांचा विषय. म्हणून गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली, की तिथला नंबर घ्यावा लागतो. आधीच्या आरटीओची एनओसी आणायची, नव्या राज्याचा कर भरायचा. मग तपासणीत चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतात. आरसी बुकातला नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला नाही, तर वर्षानुवर्षं बिनबोभाट धावलेली गाडी तिथंच अडते.

विम्याचं काय? तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा आपल्याकडे १९४६ पासून सक्तीचा आहे आणि तो देशभर लागू असतो. मात्र पॉलिसी निघते ती आरसीवरच्या गाडीची. न कळवता केलेल्या बदलांवरून कंपनी मालकाच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. जखमी वाटसरूला भरपाई मिळेलही; पण त्यासाठी आधी कोर्टात वाद, आणि ते पैसे मालकाकडून वसूल होण्याची शक्यता असते.

२०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी सुरू झाली. पण तीही मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी. चॅसी, बॉडी वा इंजिन बदललेल्या गाडीला तिथं जागा नाही. आणि गाडी सर्वस्वी नवी म्हणून नोंदवायची, तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. एकट्यादुकट्या हौशी माणसाला हे परवडणार कसं?

मिस्त्रीचं कौशल्य खोटं नाही. पण ब्रेक आणि चॅसी कुणीतरी तपासलेली असावी, हा रस्त्यावरून चालणाऱ्याचा हक्कही खोटा नाही. म्हणून परराज्यातली देखणी जीप घेताना रंग नंतर पाहा. आधी बॉनेट उघडा आणि आरसी हातात धरून चॅसी व इंजिनाचे नंबर स्वतः वाचा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)