विजयदुर्गाचा हेलियम : आख्यायिका आणि कागद

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि विजयदुर्ग किल्ला रत्नागिरीच्या नकाशातून गेला. सांगोवांगीला मात्र जिल्ह्याची हद्द नसते. ‘हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला’ हे वाक्य या सबंध किनारपट्टीत अभिमानाने उच्चारले जाते. किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ पर्यटकांना दाखविले जातात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६८ साली तेथे दुर्बिणी उभारल्या व खग्रास ग्रहणात सूर्यावरील नवे मूलद्रव्य पाहिले, अशी ती कथा. आम्ही साहित्याचे अध्यापक; पदार्थविज्ञानात आमचा अधिकार नाही. परंतु एखाद्या कथेचे पाठ कसे घडतात आणि दोन प्रसंग एकमेकांत कसे मिसळतात, हे पाहणे आमच्या विषयाच्या कक्षेत येते.

कागद काय सांगतात? १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, हे खरे. चंद्राची छाया अरबी समुद्रावरून पश्चिम किनाऱ्यावर आली आणि देश ओलांडून मच्छलीपट्टणकडे गेली, हेही खरे. फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन गुंटूर येथे होता. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणास. लेफ्टनंट जॉन हर्शेलने पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मुक्काम केला होता. ढगांच्या फटींतून त्याला सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. अशा सुट्या रेषा तप्त वायूच देतो. त्यामुळे ज्वाला वायुरूप आहेत, हे ठरले. दुसऱ्या दिवशी झान्सेनने त्याच रेषा ग्रहणाविना, उघड्या सूर्यावर पाहिल्या.

लॉकियर यांपैकी कोठेच नव्हता. तो इंग्लंडात होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, झान्सेनच्या कामाची वार्ता नसताना, त्याने आपल्या वर्णपटदर्शकातून ग्रहणाविनाच ज्वालांचे वेध घेतले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत आली आणि पुढे फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक पाडले. नारिंगी-पिवळी रेषा सोडियमची असावी, असा प्रथम समज होता. ती सोडियमच्या जोडरेषांवर बसत नाही, हे लॉकियरने दाखविले. आणि पृथ्वीवर अज्ञात अशा त्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ म्हटले गेले. अनेक रसायनशास्त्रज्ञ साशंकच राहिले. १८९५ साली विल्यम रॅम्से याने युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू मिळविला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा वाद मिटला.

मग विजयदुर्गाचे कट्टे खोटे काय? मुळीच नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले आणि त्या वेळी लॉकियर खरोखर विजयदुर्गावर आला. ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजावरील अधिकारी व खलाशी त्याच्या मदतीस होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रासासाठी किल्ल्यात उपकरणांची मोठी मांडणी झाली. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. लोकस्मृतीने पुढे एवढेच केले की, १८९८चा साहेब उचलून १८६८च्या ग्रहणात नेऊन ठेवला. माणूस खरा, जागा खरी, दोन्ही ग्रहणे खरी. सांधा तेवढा कल्पित. बखरीच्या अभ्यासकाला ही रीत नवी नाही. याच १८९८ साली वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, आणि अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही, हा आग्रह मराठीत रुजू लागला. विज्ञानाच्या इतिहासाला तोच नियम लावण्यास आपण कचरू नये.

कथेने आपल्याला काही दिले, तसे काही हिरावूनही घेतले आहे. एका साहेबाच्या एका दिवसाच्या चमत्कारापुढे जमखंडीचा वेध झाकोळतो आणि नायगमवाला यांचे नाव मराठी वाचकाच्या कानावरही पडत नाही. अभिमानाला अधिक पक्की जागा हवीच असेल, तर ती शब्दातही आहे. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त सूर्याच्या नावांत ‘हेलि’ हा शब्द येतो. तो ग्रीक ‘हेलिओस’वरूनच संस्कृतात आला, असे मानले जाते. म्हणजे ज्या शब्दावरून हेलियमचे बारसे झाले, तो सहाव्या शतकातच आपल्या ज्योतिषात नांदत होता.

ही चिकित्सा केवळ जुन्या कागदांपुरती नाही. १९०८ साली लायडन येथे कामरलिंग ओनेसने हेलियम द्रवरूप केला आणि त्याच थंडाव्यात १९११ साली पाऱ्याची अतिवाहकता उघड झाली. आज रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवणारा तोच द्रव आहे. नेहमीच्या यंत्रात तो हजाराहून अधिक लिटर लागतो. हवेत सुटला की परत हाती येत नाही. म्हणून १० लिटरपेक्षाही कमी हेलियमवर चालणारी बंदिस्त यंत्रे २०१८पासून आली. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा लक्ष्यावर टाकून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. त्या संमीलनातही हायड्रोजनची भावंडे जुळून हेलियमच बनला. आणि जुलै २०२३ मध्ये कोरियातून वार्ता आली की, ‘एलके-९९’ हा पदार्थ नेहमीच्या तापमानालाच अतिवाहक आहे. ती जगभर पसरली. काही आठवड्यांतच इतर प्रयोगशाळांनी तो पदार्थ पुन्हा करून पाहिला आणि दावा टिकला नाही.

विजयदुर्गाची कथा आणि ‘एलके-९९’ची वार्ता यांत फरक तपासणीचा आहे. दोन्ही ऐकावयास गोड. एकीला लगेच परीक्षक भेटले. दुसरीला अजूनही भाषणांत व फलकांवर आश्रय मिळतो. संशोधनाच्या बातम्या आज रोज येतात. त्यांतील विज्ञान प्रत्येकास उमगेलच असे नाही. पण कोणी पाहिले, कोठे, कधी, आणि दुसऱ्या कोणाला तेच दिसले का, हे चार प्रश्न साहित्याचा विद्यार्थीही विचारू शकतो. पाठचिकित्सेत आपण हेच तर शिकवितो.

कट्टे जपावेत, १८ ऑगस्टचा दिवसही पाळावा. मात्र फलकावर १८९८ हे साल असावे, आणि हर्शेल, झान्सेन व नायगमवाला यांची नावे लॉकियरच्या शेजारी असावीत. त्याने किल्ल्याचे महत्त्व तसूभरही उणे होणार नाही. ज्याने सूर्यावरचा वायू ओळखला, तो तीस वर्षांनी आणखी दोन मिनिटांच्या अंधारासाठी सागर ओलांडून या तटावर आला, हे सत्य आख्यायिकेहून कमी रम्य नाही.