यंत्राचा हलका हात

शिवाजी पेठेंतील तालमींत नवा मल्ल प्रथम बळ वाढवावयास शिकतो. तें आवरावयास तो पुष्कळ उशिरां शिकतो. यंत्राच्या हाताचा इतिहासहि असाच आहे, म्हणून कोल्हापूरकरांस तो परका वाटूं नये.

अमेरिकेंत जॉर्ज डेव्हॉल या संशोधकानें १९५४ सालीं अशा हाताच्या एकस्वासाठीं अर्ज केला. १९६१ मध्यें जनरल मोटर्सच्या न्यू जर्सींतील कारखान्यांत 'युनिमेट' हा हात कामास लागला. काम कोणतें? साच्यांतून निघालेले धातूचे तप्त भाग उचलून ठेवणें! आमच्या उद्यमनगरांत ओतकामाच्या भट्टीपुढें जो घटकाभर उभा राहिला असेल, त्यास हें काम माणसाकडून कां काढून घेतलें, हें सांगावयास नकोच. हालचालींचा क्रम चुंबकीय ड्रमवर नोंदलेला असे. नोंद बदलली कीं तोच हात दुसरें काम करी. इतर यंत्रांहून त्याचें वेगळेपण तें हेंच.

परंतु त्याचें वजन होतें सुमारें १८०० किलो, आणि स्पर्शज्ञान मुळींच नव्हतें. वाटेंत लोखंड आलें काय अन् माणूस आला काय, त्यास सारखेंच! १९७९ सालीं मिशिगनमध्यें फोर्डच्या ओतशाळेंत एक तरुण कामगार साठ्याच्या मांडणीवरील सुटे भाग आणावयास चढला असतां, एका यंत्राच्या हाताचा आघात होऊन जागींच गतप्राण झाला. १९८३ मध्यें ज्यूरीनें त्याच्या कुटुंबास यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडून एक कोटी डॉलर देवविले. गेलेला माणूस अर्थातच परत आला नाहीं. असे अवजड हात कुंपणाआड ठेवावेत, हाच तेव्हां शहाणपणाचा मार्ग होता.

हात हलका करण्याची निकड निराळ्याच ठिकाणीं भासली. अंतराळांत नेण्याच्या वस्तूचा प्रत्येक किलो मोजावा लागतो. जर्मनीच्या अंतराळसंस्थेनें १९९३ मध्यें यानांतून एक यंत्रहात पाठविला. पुढें तिनें सुमारें १४ किलो वजनाचा, जवळजवळ तितकाच भार उचलणारा हात घडविला. त्याच्या प्रत्येक सांध्यांत पीळ मोजण्याची सोय होती. अडथळा लागतांच तो जाणावा, हीच खरी नवलाई.

डेन्मार्कच्या ओडेन्से नगरांत २००५ मध्यें निघालेल्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीनें ही कल्पना लहान कारखानदाराच्या दारीं आणली. तिचा २००८ मधील हात १८ किलोंच्या आसपास वजनाचा, पांच किलो उचलणारा. त्याचें मनगट धरून त्यास वाट दाखवावी, म्हणजे ती त्याच्या ध्यानांत राहते. उस्ताद शागीर्दास शिकवितो तसें. पुण्याच्या बजाज ऑटोनें २०१० पासून असे हात मोटारसायकलींच्या जुळणीवर आणले व पुढें त्यांची संख्या शंभरावर गेली. तेथें माणसें आणि यंत्रें एकाच रांगेंत काम करूं लागलीं. २०१७ मध्यें टाटांच्या 'टाल' कंपनीनें पुण्यांतच 'ब्राबो' हा देशी हात विक्रीस काढला. त्याचे दोन प्रकार, एक दोन किलो पेलणारा, दुसरा दहा.

या सौम्यपणाची किंमत मात्र वेगानें व बळानें मोजावी लागते. शिवाय, त्याच हलक्या हातीं धारदार पातें किंवा तापलेलें ओतीव दिलें, तर कुंपण पुनश्च घालावेंच लागतें.