'गो' भाषेची मूळ संहिता आणि देवनागरी नामे

संगणकभाषेचे व्याकरण दोन ठिकाणी नांदते: एक तिच्या नियमग्रंथात आणि दुसरे तिच्या संकलकाच्या, म्हणजे कंपायलरच्या, मूळ संहितेत. नियमग्रंथातील एखादा शब्द सहज वाचून जावा असा असतो; संहितेत तोच शब्द अंमलात येतो, आणि मग तो कोणास आत घेतो व कोणास बाहेर ठेवतो हे दिसू लागते. 'गो' या भाषेतील 'अक्षर' हा शब्द त्यांपैकीच होय.

रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन या तिघांनी गूगल कंपनीत 2007 साली या भाषेची आखणी आरंभिली; 10 नोव्हेंबर 2009 रोजी ती जगापुढे आली. यांपैकी पाइक आणि थॉम्पसन यांनीच 1992 साली यूटीएफ-8 ही संकेतपद्धती रचली होती. जगातील सर्व लिप्या एकाच प्रवाहात लिहिता याव्यात, हा तिचा हेतू. साहजिकच 'गो'ची संहिता प्रथमपासून यूटीएफ-8 मध्ये लिहिली जाते, आणि अवतरणांतील मजकूर व टिपा देवनागरीत लिहिण्यास कसलीच आडकाठी नाही.

आडकाठी येते ती नामांपाशी. चलपदांना व फलनांना आज्ञावलीकार जी नावे देतो, त्यांचा आरंभ अक्षराने अथवा अधोरेखेने व्हावा आणि पुढे अक्षरे, अंक वा अधोरेखाच याव्यात, असा नियम आहे. संकलकाचा जो भाग मजकुराचे पदच्छेद करतो, तो रोमन वर्ण स्वतःच ओळखतो. इतर वर्णांविषयी तो प्रमाण लायब्ररीतील युनिकोडच्या कोष्टकांस विचारतो. या कोष्टकांत देवनागरीची व्यंजने आणि स्वतंत्र स्वर 'अक्षर' या वर्गात आहेत. परंतु स्वरचिन्हे, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्तचिन्ह यांची गणना 'चिन्ह' या निराळ्या वर्गात होते. परिणाम चमत्कारिक होतो. 'घर', 'कमल', 'गणक' ही नावे संकलक निमूटपणे स्वीकारतो. 'गणित', 'अंक', 'शब्द', 'भाषा' ही नाकारतो. 'आई' चालते, कारण तिच्यातील दोन्ही स्वर स्वतंत्र आहेत. 'बाप' मात्र पहिल्याच कान्यापाशी अडतो.

मराठी व्याकरणाच्या दृष्टीने हा भेद निराधार आहे. 'ई' आणि 'ी' हे एकाच स्वराचे दोन लेखनप्रकार होत. बाराखडी शिकणारे मूलही ते जाणते. तथापि युनिकोडची देवनागरी भारताच्या 1988 च्या इस्की संकेतावरून घेतलेली आहे, आणि त्यात व्यंजन व त्यास लागणारे स्वरचिन्ह यांना पृथक् संकेतांक आहेत. पुढे वर्गीकरण करताना रोमन अक्षरावरील आघातचिन्ह आणि देवनागरीचा कान्हा एकाच 'चिन्ह' या छत्राखाली आले, मग त्यांचे पोटवर्ग कितीही वेगळे असोत. एक अक्षराची शोभा वाढवते, दुसरे अक्षर पूर्ण करते. हा फरक त्या छत्राखाली लोपला.

'गो'च्या कर्त्यांनी ही गोष्ट दडवलेली नाही. जोडचिन्हे हेतुपुरस्सर वगळली आहेत आणि त्यामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर राहतात, हे त्यांच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतच नमूद आहे. वगळण्यास कारणही आहे. मराठीतील 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ' हा वर्ण एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांस दोन्ही एकच; संकलकास मात्र ती दोन निरनिराळी नावे भासतील, कारण 'गो' मजकुराचे प्रमाणीकरण करीत नाही.

पण ही अडचण अलंघ्य होती असे म्हणता येत नाही. जावा या भाषेने जोडचिन्हे नामांत घेतली आणि प्रमाणीकरणाचा भार लेखकावर टाकला. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या पायथन 3.0 ने चिन्हेही घेतली व नामांचे प्रमाणीकरणही संकलनाच्या वेळीच उरकले. हा दुसरा मार्ग अधिक समंजस होय, आणि 'गो' प्रकट झाली तेव्हा तो वर्षभर जुना होता.

दरम्यान संहिता पालटत गेली. प्रथम सी भाषेत असलेला संकलक ऑगस्ट 2015 च्या 1.5 या आवृत्तीत बव्हंशी यंत्राकरवी 'गो'मध्येच भाषांतरित झाला. पुढील वर्षी 1.6 मध्ये त्याचा पदान्वय करणारा भाग नव्याने हाताने लिहिला गेला. (यांत्रिक भाषांतराची भाषा इतकी अवघडलेली होती की संकलनास सुमारे दुप्पट वेळ लागू लागला, भाषांतरमीमांसकांना याचे नवल वाटू नये.) 'अक्षरा'ची व्याख्या मात्र या सर्व स्थित्यंतरांतून जशीच्या तशी पार पडली.

मार्च 2012 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघाली, तेव्हा जुन्या आज्ञावली पुढेही चालत राहतील असे अभिवचन देण्यात आले. या अभिवचनाने कान्याची वाट अडत नाही, कारण आज जे नाव अशुद्ध ठरते ते उद्या शुद्ध ठरल्याने कोणतीही जुनी आज्ञावली मोडत नाही. दुसरा नियम अधिक चिवट आहे. एका पॅकेजमधील नाव इतरांस खुले करावयाचे तर त्याचा आरंभ मोठ्या लिपीतील अक्षराने व्हावा लागतो. आणि देवनागरीत लहानमोठी लिपी नाही. म्हणून 'घर' हे शुद्ध नावही बाहेर जाण्यासाठी आपल्यापुढे एखादे रोमन मोठे अक्षर घेते. हा नियम सैल करून मोठी-लहान लिपी नसलेली सर्व नावे खुली मानावीत, तर आजवर पॅकेजच्या आत खाजगी ठेवलेली नावे त्यांच्या लेखकांस न विचारता सार्वजनिक होतील.