ग्वारीघाटावर शब्दांची जत्रा

डोळा चोळू नका, कोळशाची कणी आणखी रुतेल! गोंदियाहून निघालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या छोट्या गाडीने सातपुडा पार केला, नर्मदा ओलांडली आणि तुम्हाला जबलपूरजवळच्या ग्वारीघाट स्टेशनावर उतरवलं. 1930 च्या आसपासची संक्रांत आहे. खिशात इंग्रजीच्या मास्तरांनी पाठ करायला दिलेली यादी आहे. प्रत्येक शब्दाच्या पोटात ‘स्क्राइब’ नाहीतर ‘स्क्रिप्ट’. ती राहू द्या खिशातच. गर्दीबरोबर चला.

घाटाच्या पायऱ्या ओल्या आहेत, धोतर सावरा. गोवऱ्यांचा धूर घशात शिरतो, त्यातूनच भाजलेल्या वांग्याचा खमंग वास येतो. गक्कड-भरता, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या बाट्या आणि वांग्याचं भरीत, तयार होतोय. घंटा, नावाड्यांच्या हाका, रडणारी पोरं आणि साऱ्यांवर चढणारी आरोळी, ‘नर्मदे हर!’ मारा बुडी. थंडीने श्वास अडकला? लगेच शेकोटीजवळ या.

बाजूला चटईवर चिठ्ठ्या लिहून देणारा मुन्शी बसलाय. कागदावर बोरूची कुरकुर ऐका. रोममधला माणूस टोकदार सळीने मेणाच्या पाटीवर असेच ओरखडे काढायचा. तुमच्या यादीतले शब्द ज्यातून आले, त्या लॅटिन ‘स्क्रिबेरे’चा मूळ अर्थ खरवडणं, आणि आपल्या ‘लिख्’ धातूचाही तोच.

समोरची म्हातारी परगावच्या मुलाला कळवतेय, गाय व्याली, वासराच्या कपाळावर पांढरा टिळा आहे. मुन्शी ते वासरू कागदावर उतरवतो. हेच डिस्क्राइब, त्यातल्या ‘डी’चा अर्थ खाली. पत्र संपलं, अंगठा उठला, आणि बाईंना आठवलं की तिळाचे लाडू पाठवलेत! मुन्शी हसून खाली ता. क. घालतो. झालं पोस्टस्क्रिप्ट, नंतर लिहिलेलं.

जरा सरका, पाणक्याला वाट द्या. अन्नछत्राची वर्गणी गोळा करणारे गृहस्थ तुमच्यापुढे कागद धरतात. मजकुराच्या खाली नाव लिहा, चार आणे द्या. ‘सब’ म्हणजे खाली; तुम्ही सबस्क्राइब केलंत. तुमच्या तळपायाला पायरीवरची अक्षरं टोचतायत ना? कुणा दात्याचं नाव दगडात कोरलंय, ते इन्स्क्रिप्शन. खोकणाऱ्या पोराचा बाप हातातली डॉक्टरांची चिठ्ठी जपतोय. औषध घोटण्याआधी लिहिलेली, म्हणून प्रिस्क्रिप्शन. वडाखालचे बुवा हाताने नकललेली पोथी उलगडतात. ‘मानुस’ म्हणजे हात, आणि पोथी म्हणजे मॅन्युस्क्रिप्ट.

यादीत एक अवघड शब्द उरलाय, सर्कमस्क्राइब. भोवतीने रेघ काढणं. भूमितीच्या तासाला त्रिकोणाभोवती वर्तुळ काढताना तो भेटला होता. आता तिकडे पाहा, काठी, कमंडलू, भेगाळलेल्या टाचा. परिक्रमावासी निघालेत. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत आणि परत, सबंध नदीभोवती ही माणसं पायांनी रेघ काढतात. त्यांच्याबरोबर शंभर पावलं चाला. पायाखालची वाळू बर्फासारखी गार आहे, पण चाल धरली की अंगात ऊब येते.

आता काढा यादी. एकही शब्द परका वाटणार नाही. लिहिणारा हात तोच असतो. तो वरून खाली उतरवतो, तळाशी सही करतो, दगडात शिरतो, कामाच्या आधी धावतो, नाहीतर भोवतीने फिरतो. उद्या वर्गात असा नवा शब्द भेटला, तर अर्थ घोकू नका. त्याची सुरुवातीची अक्षरं पाहा आणि विचारा, हा हात कुठल्या बाजूला निघालाय? उत्तर शब्दच देईल.