डिस्कचे नाव आणि डिस्कची ओळख

मी इतिहास शिकवणारा माणूस. तो आज संगणकाच्या विषयावर बोलायला बसला, याचे आपल्याला नवल वाटेल. पण त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. ती आधी सांगतो.

पूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथे आम्ही आसपासच्या गावांतून जुने मोडी कागद मिळवीत असू आणि त्यांची छायाचित्रे एका सर्व्हरवर साठवीत असू. सर्व्हरवर लिनक्स प्रणाली आणि आत तीन डिस्क. पहिलीवर प्रणाली, दुसरीवर चार वर्षांची छायाचित्रे, तिसरी नवी आणि कोरी. प्रणालीने त्यांना दिलेली नावे एसडीए, एसडीबी आणि एसडीसी. छायाचित्रांची डिस्क कामापुरती प्रणालीशी जोडायची आणि काम झाले की सोडवायची, अशी आमची रीत होती. ‘एसडीसी फॉरमॅट करणे’ असे मी वहीत लिहून घरी गेलो. रात्री वीज गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी माझ्या तरुण सहकाऱ्याने वहीबरहुकूम काम केले. ‘यावर आधीच काही आहे, पुढे जाऊ का?’ असे संगणकाने विचारलेही. पण वहीवर विश्वास ठेवून त्याने ‘हो’ म्हटले. मग पाहतो तो काय, कोरी झाली होती ती छायाचित्रांची डिस्क! एका रात्रीत एसडीबी आणि एसडीसी यांनी आपापसांत नावे बदलली होती.

मूळ कागद तर घरोघर परत गेलेले. पुन्हा हिंडून पुष्कळसे मिळाले. पण एका घरचे रुमाल मधल्या पावसाळ्यात भिजले, ते गेलेच.

आता यात दोष कोणाचा? सहकाऱ्याचा खास नव्हे. डिस्कच्या नावावर आम्ही जो भरवसा टाकला, त्याचा. आणि ही नावे आली कोठून, हे शोधू लागलो, तेव्हा माझ्या ओळखीचा विषय भेटला : इतिहास.

युनिक्स प्रणालीचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य जनक. त्यांनी एक मोठी सोपी कल्पना रूढ केली. यंत्राला जोडलेले प्रत्येक उपकरणही एका फाइलसारखे दिसावे आणि अशा सगळ्या फाइली ‘डेव्ह’ नावाच्या एकाच जागी असाव्यात. डिस्कचे नाव तिच्या जातीवरून आणि क्रमांकावरून पडे. आरके जातीची पहिली डिस्क ‘आरके-०’, दुसरी ‘आरके-१’. त्या काळच्या डिस्क म्हणजे चांगली मोठी धुडे. त्यांपैकी काही जातींच्या दर्शनी भागावरील दिव्याच्या टोपणावरच क्रमांक असे आणि यंत्र तोच क्रमांक खरा मानी. नाव आणि वस्तू यांची गाठ डोळ्यांना दिसत होती, बरं का!

१९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहावयास घेतले. घरगुती संगणकांत तेव्हा दोन केबली आणि प्रत्येकीवर दोन जागा असत. पहिल्या जागेवरची डिस्क एचडीए, मग बी, सी, डी. नाव डिस्कचे नव्हतेच, जागेचे होते. पण निदान जागा तरी ठरलेली होती. स्कझी जातीच्या डिस्कचे मात्र निराळे. जी आधी सापडेल ती एसडीए, नंतरची एसडीबी. पुढे २००६-०७ च्या सुमारास घरगुती जातीच्या डिस्कही याच ‘एसडी’ घराण्यात आल्या. यूएसबीमुळे चालू यंत्रालाही डिस्क जोडता-काढता येऊ लागली आणि वेळ वाचावा म्हणून प्रणाली अनेक उपकरणांचा शोध एकाच वेळी घेऊ लागली. ज्याने आधी ‘ओ’ दिली, त्याला आधीचे अक्षर!

शिक्षकाला हे चटकन कळावे. हजेरीपटावरचा सतरावा क्रमांक म्हणजे विद्यार्थ्याचे नाव नव्हे. वरचा एक मुलगा शाळा सोडून गेला, की पुढच्या वर्षी सतरा म्हणून भलताच उभा राहतो.

यावर उपाय निघाले, पण चुकत-माकत. एक उपाय म्हणजे डिस्कवरच्या भागाला नावाची चिठ्ठी लावणे. परंतु काही लिनक्स संच प्रत्येक यंत्रात मुख्य भागाला तीच एक चिठ्ठी लावीत. अशा दोन यंत्रांतील डिस्क एकत्र आल्या, की घोटाळा. २००० साली प्रणालीच्या गाभ्यातच नावे देणारी ‘डेव्हएफएस’ ही योजना आली. ती पुढे मोडीत निघाली. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’ पुढे आणली. गाभ्याने फक्त ‘पाहुणा आला’ एवढे सांगावे. त्याची विचारपूस करून नाव ठेवण्याचे काम बाहेर व्हावे, ही तिची दृष्टी.

या विचारपुशीतून एकाच डिस्कला अनेक नावे मिळतात, आणि प्रत्येक नाव वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते. ‘बाय-पाथ’ सांगते, ही कोठे बसली आहे. ‘बाय-आयडी’ सांगते, ही कोण. कारण त्यात कारखान्याने दिलेला अनुक्रमांक असतो. ‘बाय-यूयूआयडी’ सांगते, हिच्यावर कोणती मांडणी आहे. हा यूयूआयडी १२८ बिटांचा. लिहिताना ३२ चिन्हे लागतात. डिस्क फॉरमॅट करताना तो तयार होतो, आणि दोन ठिकाणी योगायोगाने एकच येण्याचा संभव नसल्यातच जमा.

मग कोणते नाव वापरावे? सुरू होताना प्रणालीने कोणते भाग जोडावेत, याची जी यादी असते, तिच्यात यूयूआयडी लिहावा. डिस्क दुसऱ्या जागी बसवली तरी यादी चुकत नाही. पण डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तर यूयूआयडीचीही नक्कल होते, हे विसरू नये. कप्प्यातील बिघडलेली डिस्क बदलायची असेल, तर जागेचे नाव उपयोगी. आणि पुसण्याचा हुकूम सोडायचा असेल, तर अनुक्रमांकाखेरीज कशावरही विसंबू नये.

पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमालाचा क्रमांक कागद शोधायला उपयोगी पडतो. पण तो कोणाचा आणि कधीचा, हे कागदच वाचून ठरवावे लागते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत होतो आणि स्वतः मात्र वहीत ‘एसडीसी’ एवढेच लिहून मोकळा झालो!

आता प्रत्येक डिस्कच्या खणावर तिचा अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत चिकटवतो. वहीतही तोच लिहितो, आणि हुकूम सोडण्यापूर्वी एकाने वाचायचा, दुसऱ्याने पडताळायचा, असा नियम ठेवला आहे. त्याला दोन मिनिटे जास्त लागतात.