कोंबडी स्वस्त झाली, मसाला नाही: पोर्श ९४४ चा खरा खर्च

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की शोध कुणी लावला, कधी लावला, यावरच आपण थांबतो. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ साली ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात वेगळा आग्रह धरला: वस्तू वापरात किती वर्षं राहते आणि तिची डागडुजी कशी होते, हाही इतिहासच आहे. हे समजावायला मला एक जर्मन स्पोर्ट्स कार फार उपयोगी पडते.

पोर्श ९४४. उत्पादन १९८२ ते १९९१, दीड लाखाहून जास्त गाड्या, जुळणी नेकार्सउल्मच्या आउडी कारखान्यात. किंमत ९११ पेक्षा कमी. पुढे जुन्या गाड्यांच्या बाजारात ती बरीच वर्षं चांगलीच स्वस्त मिळायची. आता बघा, तिसऱ्या-चौथ्या मालकाला येणारं बिल ड्रॉइंग बोर्डवरच कसं ठरलं होतं.

इंजिन चारच सिलिंडरचं, पण अडीच लिटरचं. एवढं मोठं चार सिलिंडरचं इंजिन थरथरतं. म्हणून पोर्शने मित्सुबिशीच्या पेटंटचा परवाना घेऊन इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. थरथर गेली, पण टायमिंग बेल्टच्या जोडीला आणखी एक बेल्ट आला. टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. शिवाय रबर किलोमीटर मोजत बसत नाही, वर्षंही मोजतं. रविवारीच बाहेर काढलेल्या, मीटरवर जेमतेम आकडा असलेल्या गाडीचा बेल्टही म्हातारा झालेला असतो. वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो, त्यामुळे एवढं उघडलंच आहे तर पंप, रोलर, सील बदलून घेणं शहाणपणाचं. बेल्टच्या किमतीत हे काम कधीच होत नाही.

क्लचची कथा आणखी मजेदार आहे. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जावं म्हणून इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मध्ये दोघांना जोडणारी लांब नळी. वळणावर गाडी सुरेख वागते ती यामुळेच. पण क्लच बसलाय इंजिनापाशी. तिथे पोचायचं तर आधी एक्झॉस्ट काढा, मागचा गिअरबॉक्स उतरवा, मग ती नळी मागे सरकवा. पैसे जातात ते प्लेटपेक्षा मेकॅनिकच्या तासांत. आणि गाडी जुनी झाली म्हणून तासांचा दर उतरत नाही.

‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ असं आपण म्हणतो. इथे मात्र कोंबडी मुळात चार आण्याची नव्हतीच. ती उतरून चार आण्यावर आली, मसाला बारा आण्याचाच राहिला. पहिल्या मालकाने किमतीतली घसरण सोसली, पुढच्यांनी देखभाल.

अमेरिका ही या गाडीची सगळ्यात मोठी बाजारपेठ. तिथे १९८५ च्या सुरुवातीला डॉलरला ३ पेक्षा जास्त मार्क मिळत होते. त्या सप्टेंबरमध्ये प्लाझा करार झाला आणि १९८७ च्या अखेरीस भाव १.७० च्याही खाली आला. जर्मनीहून येणाऱ्या सुट्या भागांचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे गंजाने ही गाडी लवकर मारली नाही. पत्र्यावर जस्ताचा लेप होता. त्या काळच्या कित्येक गाड्या इंजिन म्हातारं होण्याआधीच सडून गेल्या, ही मात्र दिसायला ठणठणीत राहिली. बाहेरून नवी, आतून देणेकरी!

मग खर्चाचा पुरावा कुठे शोधायचा? विक्रीचे आकडे पहिला व्यवहार सांगतात, तेवढंच. बाकीचं मालकाने जपलेल्या पावत्यांच्या फाइलमध्ये असतं: बेल्ट कधी बदलला, तेव्हा मीटर किती, मजुरी किती. जुनी ९४४ बघायला जाणारा जाणकार रंगाआधी ही फाइल मागतो. माझंही काम तेच, फक्त गाडी विकत न घेता.

पण या फायलीही सगळं सांगत नाहीत. बेल्ट तुटला आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग निघाली, की मालक गाडी सुट्या भागांसाठी देऊन टाकतो. तिचे दरवाजे, गिअरबॉक्स, सीट दुसऱ्या ९४४ वर चढतात आणि तिथे स्वस्तातल्या दुरुस्तीची पावती फाटते. ज्याची गाडी मोडीत गेली, त्याचं नुकसान कुठल्याच पावतीवर येत नाही.